पहिलं दूध आणि बोक्याची सुई

आमच्या दुकानासमोरच्या हॉटेलवाल्यानं मला आठ महिने फसवलं. मापात नाही, भावात नाही. त्या बाबतीत मला कुणी फसवत नाही. आष्टीच्या बाजारात बारदानाचा धंदा मी माझ्या हातानं उभा केला आहे, आणि गोणी हातात घेतली की ती किती वेळा फाटली, किती वेळा शिवली हे मी डोळे मिटून सांगते. त्यानं मला फसवलं ते माझ्या आजारी बोक्याच्या खाण्यात, आणि तेसुद्धा पेटत्या भट्टीवर हात धरून शपथ घेऊन.

एक्क्याऐंशी साली मी या बाजारात आले तेव्हा माझ्याजवळ एक दाभण आणि सुतळीचा गुंडा होता. दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांची पोती शिवायची. मग फाटकी पोती स्वतः घ्यायला लागले, शिवून विकायला लागले. पुढे दुकान झालं, मागं गोदाम झालं. आमचे मालक, म्हणजे घरधनी, माळकरी, शांत स्वभावाचे. ते आत बसून चांगली-फाटकी वेगळी करायचे आणि बाहेर भांडायला मी असायची. भांडणाचं खातं माझ्याकडं हे घरात आणि बाजारात सगळ्यांना माहीत होतं.

गोदामाचा खरा शत्रू उंदीर. रात्रीतून वीस-वीस गोण्यांचे कोपरे कातरलेले सापडायचे. मग कुठून तरी हा पिवळा बोका आला. मोठं डोकं, एक कान फाटलेला, चालण्यात पाटलाचा रुबाब. मी त्याला बोलावलं नव्हतं, त्यानंही मला विचारलं नाही. थप्पीच्या सगळ्यात वरच्या गोणीवर झोपायचा, पत्र्यांवरून सगळा बाजार फिरायचा आणि घरात म्हणून कधी पाय टाकायचा नाही. पंधरा दिवसांत कातरणं थांबलं. तेव्हापासून मी त्याला कामावरचा माणूस समजायला लागले.

काही वर्षं गेली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी पाहते तर खालच्या थप्पीला मुंग्यांची रांग. मी लगेच ओळखलं की व्यापाऱ्यानं साखरेच्या गोण्या न झटकता धान्याच्या म्हणून गळ्यात मारल्या. तशीच उठून त्याच्या दारात गेले आणि अर्धा तास बोलले. तो बिचारा म्हणत होता, “बाई, ज्वारीच्या हायेत त्या, वास तर घ्या.” परत येऊन वास घेतला. ज्वारीचा नव्हता, साखरेचाही नव्हता. तेवढ्यात बोका माझ्यासमोर आला, त्याच गोणीवर लघवी करून सावकाश निघून गेला. मुंग्या त्याच्या मागं लागल्या होत्या.

मग बाकीचं दिसायला लागलं. हौदावर बसला की उठायचा नाही, पाणी पीतच राहायचा. खायचा पुष्कळ पण पाठीचं हाड वर आलेलं. आणि मागचे पाय टाचेपर्यंत टेकून चालायचा, सशासारखा. थप्पीवर उडी मारायचा आणि मध्येच घसरून खाली पडायचा. पडला की इकडंतिकडं बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

टोपलीत घालून, वर गोणपाट बांधून, मी त्याला जीपनं परतूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं नुकताच शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. म्हशींच्या रांगेत माझी टोपली. लोक हसत होते. डॉक्टर हसला नाही. त्यानं बोक्याच्या कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब काढला आणि यंत्रात पाहिला.

“बाई, याला शुगर आहे.”

“मांजराला?”

“मांजरालाही होते. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई द्यावी लागेल. माणसांचंच औषध, फक्त थेंबभर.”

“एक टाइम चालंल का? मी धंद्याची बाई हाये.”

“नाही.”

“मंग एकाच टाइमाला दुप्पट?”

“मारायचंय का त्याला?”

जिथं भाव होत नाही तिथं मी गप्प बसते. हे तसलंच ठिकाण होतं. मग डॉक्टरनं खाणं सांगितलं. दूध बंद, भाकरी बंद, पाव-बिस्किट बिलकुल बंद. फक्त मांस, मासे, अंडं. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई नाही. आणि कधी अंग थरथरायला लागलं, आकडी आली, तर साखर कमी झाली समजायचं आणि लगेच साखरेचं पाणी हिरड्यांना चोळायचं. शेवटी तो म्हणाला, “खाणं कडक सांभाळलं तर मांजरांची सुई कधी कधी सुटतेसुद्धा. माणसांपेक्षा त्यांचं नशीब या बाबतीत बरं असतं.”

त्या एका वाक्यावर मी सौदा पक्का केला.

सुईचं मला भय नव्हतं. वीस वर्षं दाभण चालवलेली बाई मी. गोणपाट उचलावं तशी मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि सुई तिरकी सरकवायची. डॉक्टरनं संत्र्यावर शिकवायला घेतलं तर मी म्हणाले, संत्रं तुम्ही खा. पहिल्याच दिवशी बोक्यानं मान वर केली नाही, खात राहिला. औषधाची बाटली मी स्टीलच्या डबीत घालून माठातल्या पाण्यात ठेवायची, कारण फ्रिज असून उपयोग नव्हता, वीज दिवसातून आठ-आठ तास जायची.

अवघड होतं ते खाण्याचं. घरात माळकरी माणूस. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मालकांनी एवढंच विचारलं, “त्याचा जीव वाचंल का?” मी म्हणाले, वाचंल. मग त्यांनीच गोदामाच्या मागं तीन दगडांची चूल मांडून दिली आणि स्वतः तोंड फिरवून बसले. कोंबडीवाल्याकडून मान, काळीज, पाय असलं उरलंसुरलं ठरवलं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी तराजूच्या लोखंडी पारड्यावर वजन आपटायची. तो आवाज झाला की बोका कुठंही असो, पत्र्यावरून धावत यायचा.

पण बाहेर फिरणारा जीव. मी दिलेलं खाईल, पण दुसऱ्याचं खाणार नाही हे कशावरून? म्हणून मी अख्ख्या ओळीत फिरले. किराणावाला, आडते, हमाल, सगळ्यांना बजावलं. हॉटेलवाल्याकडं सगळ्यात शेवटी गेले, कारण खरा धोका तिथं होता. दूध तिथं, खारी तिथं, टोस्ट तिथं. तो मला अक्का म्हणतो, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. मी म्हणाले, “भाऊ, बोक्याला शुगर झाली. तुझ्याकडून एक घोट जायला नको.”

“मांजराला शुगर!” त्यानं हातातली गाळणी खाली ठेवली. “मंग आता त्याला बिनसाखरेचा चहा द्यायचा का?”

“चेष्टा न्हाई करून राह्यले मी. बोक्याला काही खायला देणार न्हाई म्हण.”

“न्हाई देणार.”

“भट्टीवर हात धर.”

त्यानं भट्टीवर हात धरला. “बोक्याला काही खायला देणार न्हाई. बास?”

नुसत्या शब्दावर मी कुणाला सोडत नाही. त्याच्या हॉटेलाला पश्चिमेचं ऊन लागायचं. गिऱ्हाईक दुपारी बसायचं नाही. मी माझ्या हातानं चार गोणपाटाचे पडदे शिवून त्याला लावून दिले. घेतलं-दिलं झालं की सौदा पक्का होतो, हा बाजाराचा कायदा आहे. पडदे त्यानं घेतले. म्हणजे सौदा झाला होता.

आता पुढचे आठ महिने ऐका. मी घड्याळाच्या काट्यावर खायला घालते, सुई देते, आणि बोक्याची शुगर उतरत नाही. महिन्याला परतूर. डॉक्टर थेंब तपासतो, मान हलवतो, डोस वाढवतो. दोन युनिटचे तीन झाले, मग चार. प्रत्येक वेळी तो विचारायचा, “बाई, बाहेर काही खातोय का?” आणि प्रत्येक वेळी मी छातीवर हात ठेवून सांगायची, “बिलकुल न्हाई. शपथा घेतल्या मी सगळ्यांकून.” वाढवायच्या आधी मी हॉटेलवाल्याला परत विचारायची. तीन वेळा विचारलं. तीन वेळा तो म्हणाला, “अक्का, खायला म्हणून एक कण न्हाई दिला.” एकदा तर टोपली जीपमध्ये ठेवताना दोरी सुटली, ती त्यानंच बांधून दिली आणि म्हणाला, “बरा होऊन ये रे बाबा.”

मी डॉक्टरवर चिडले, औषधाच्या दुकानदारावर चिडले, मालकांवर विनाकारण चिडले. बोक्यावर चिडता येत नव्हतं. तो बिचारा सुई घेऊन झाली की माझ्या मनगटाला डोकं घासायचा. पण टाचा काही वर उचलत नव्हता.

आमच्या आडत बाजाराला अमावस्येची सुट्टी असते. त्या दिवशी लिलाव नाही, हमाल नाहीत, सगळं बंद. मी फक्त सातला येऊन बोक्याचं करून घरी जायची. एका अमावस्येच्या संध्याकाळी आले तर बोका झिंगल्यासारखा चालत होता, भिंतीला टेकत टेकत. खाल्ल्यावर ठीक झाला. मालक म्हणाले, “आज आवस हाये. नजर काढतो.” त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मी म्हणाले, मोहरी स्वस्त झाली का?

पुढच्या महिन्यात डोस पाचवर गेला. पुन्हा अमावस्या आली. त्या दिवशी गोण्या निवडायच्या राहिल्या होत्या म्हणून आम्ही दोघं शटर अर्धं ओढून आतच थांबलो. सकाळची सुई देऊन झाली होती. अकराच्या सुमाराला थप्पीमागून धडपडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर बोका आडवा. चारी पाय ताठ, जबडा गच्च, अंग थडथड उडत होतं. डोळे उघडे होते पण त्यात मी नव्हते.

साखर! घर लांब, दुकानं बंद. मी गोदामभर नजर फिरवली. मग साखरेच्या रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा दिसला. मी दाभणानं एका गोणीची शिवण उसवली. शिवणीत नेहमी साखर अडकलेली असते, मूठभर तरी निघते. मालकांनी गोणी उलटी धरून झटकली, मी ओंजळ धरली. हौदाचं पाणी घेऊन त्यात साखर कालवली, बोटानं ते पाणी त्याच्या हिरड्यांना चोळत राहिले. मालक विठ्ठल विठ्ठल करत होते. मी काय म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आधी पाय सैल पडले. मग जीभ बाहेर आली आणि तिनं माझं बोट चाटलं. मालकांनी उपरण्यानं डोळे पुसले, आणि त्याच हातांनी, मांसाला कधी न शिवलेल्या हातांनी, कोंबडीचा तुकडा त्याच्या तोंडाजवळ धरला. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

दुकानातल्या फोनवरून डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, “संध्याकाळची सुई देऊ नका. आज काय वेगळं झालं?”

“काहीच न्हाई. तेच खाणं, तोच टाइम.”

“काहीतरी वेगळं झालंच असणार. बाई, नीट आठवा.”

मी ओट्यावर येऊन बसले. मालक म्हणाले, “मी म्हणत न्हवतो का, आवस हाये.” मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मागच्या वेळीही अमावस्याच होती. अमावस्या काही बोक्याला सुई मारत नाही. पण अमावस्येला काय नसतं? मी बाजाराकडं पाहिलं. किराणा बंद. आडती बंद. समोर हॉटेल बंद, भट्टी थंड, बाकडी उलटी. इतर दिवशी पाच युनिट रिचत होते, कारण ते रिचवायला पोटात काहीतरी पडत होतं. आज ते पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी शटरच्या फटीमागं बसले. हॉटेलवाला आला, भट्टी पेटवली, दूध तापायला ठेवलं. दुधाला उकळी आल्यावर दोन थेंब आगीत शिंपडले. मग जर्मनच्या ताटलीत पळीभर साईचं दूध ओतलं, त्यात दोन खाऱ्या कुस्करल्या, पायरीवर ठेवली आणि हात जोडले. पत्र्यावरून माझा बोका उतरला.

मी रस्ता कसा ओलांडला मला माहीत नाही.

“हे काय करून राह्यलास?”

“अक्का, आज लौकर?”

“काय करून राह्यलास म्हणते मी!”

“पहिलं दूध हाये. रोज देतो.”

“रोज?”

“हॉटेल टाकल्यापून. पहिलं दूध मुक्या जीवाला, मंग गिऱ्हाईकाला. एकदा चुकलं तर अख्खं पातेलं नासलं होतं.”

“भट्टीवर हात धरला होता तू!”

“धरला होता की. खायला देणार न्हाई म्हणलो. दिलं का? दिवसभर पायात घोटाळतो, एक थेंब न्हाई दिला. कोनालाबी विचारा.”

“अन् हे ताटलीत काय हाये?”

“हे खाणं थोडंच हाये, अक्का.” तो अगदी सरळ तोंडानं म्हणाला. “हा देवाचा निवद हाये.”

मी ताटली उचलून रस्त्यावर फेकली. तो माझ्यावर रागावला नाही. खाली वाकून सांडलेल्या दुधाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. “शिव्या द्या अक्का, पण ताटली फेकू नका. आज बोहनी व्हायची न्हाई.” तेवढ्यात जमलेल्या हमालांपैकी एक जण म्हणाला, “बोक्याची शुगर वाढली का न्हाई माहीत न्हाई, अक्काचं बीपी नक्की वाढलं.” सगळे हसले. बोका रस्त्यावरचं दूध चाटायला निघाला तसा मी त्याला बगलेत धरला.

शपथेतली पळवाट मला समजत नव्हती असं नाही. मीही याच बाजारात वाढले आहे. ‘फाटकी निघाली तर परत घेईन’ असं म्हणून ओलसर गोणी विकलेली आहे. पण हा माणूस पळवाट काढत नव्हता, त्याला ते खरंच खाणं वाटत नव्हतं. म्हणून तर माझा राग जास्त पेटला. लबाडाला पकडता येतं. भाविकाला कुठून पकडायचं?

मी त्याला ओढतच परतूरला नेलं. टोपली त्याच्याच मांडीवर दिली. डॉक्टरसमोर उभं करून म्हणाले, सांग. त्यानं सांगितलं. डॉक्टरनं कपाळावर हात मारला. “आठ महिने मी दूध-खारीवर इन्सुलिन मारतोय!” मग त्याला समजावलं की हे दूध या जिवाला विष आहे, आणि त्या विषाच्या हिशोबानं वाढवलेला डोस त्याहून मोठं विष. हॉटेलवाला टोपलीच्या फटीतून बोट आत घालून बसला होता.

परतीच्या जीपमध्ये अर्ध्या वाटेवर त्यानं तोंड उघडलं. “मंग पहिलं दूध द्यावं कोनाला?”

“आगीला दे.”

“दोन थेंब देतोच. पर मुका जीव पायजे.”

“गाईला दे,” मागून एक म्हातारा म्हणाला.

“गाय इतक्या सकाळी येत न्हाई, बाबा.”

“माझ्या सासूला दे,” एक बाई म्हणाली. “पर ती मुकी न्हाई.”

जीप हसण्यानं हलायला लागली. गावात शिरेपर्यंत सौदा झाला. पहिलं दूध गाड्या तोलायच्या धर्मकाट्यामागच्या लंगड्या कुत्र्याला, आणि ते माझ्या डोळ्यासमोर. महिनाभर मी रोज पहाटे उभी राहून ते पाहिलं.

डॉक्टरनं डोस एकावर आणला. दहाव्या-बाराव्या दिवशी हौदावरचं बसणं कमी झालं. महिन्यानं लघवीला मुंग्या लागेनात. ज्या व्यापाऱ्याशी मी भांडले होते त्याला बोलावून मी ती बिनमुंग्यांची गोणी दाखवली. माफी मागितली नाही, पण चहा पाजला. मग एका सकाळी पाहिलं तर बोका चालत येतोय आणि टाचा जमिनीपासून वर आहेत. मी मालकांना हाक मारली. आम्ही दोघं बोक्याचे पाय बघत उभे, आणि गिऱ्हाईक पोत्यासाठी ओरडतंय. उन्हाळा सरता सरता डॉक्टर म्हणाला, “सुई थांबवून बघू.” बघितलं. शुगर वाढली नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. विश्वास बसत नव्हता म्हणून मी बाटली आणखी पंधरा दिवस माठात सांभाळली.

त्याला आता काही वर्षं झाली. बोका म्हातारा झाला आहे पण सुई परत लागली नाही. कोंबडी-अंड्यावर आहे, आणि मागची चूल मालक स्वतः पेटवतात. परवा त्यानं तिसऱ्या थप्पीवर एका उडीत पाय रोवले आणि घसरला नाही. आता परतूरच्या डॉक्टरकडं मांजराची टोपली गेली की कुणी हसत नाही. आमचं उदाहरण देऊन तो आधी विचारतो, तुमच्याकडं पहिलं दूध कुणाला देतात?

आणि हॉटेलवाला? तो नव्या गिऱ्हाईकाला सांगतो, “अक्काच्या बोक्याला माझ्या निवदाच्या पुण्यानं वाचवलं.” माझ्यासमोर सांगतो. लोक माना डोलवतात.

भाऊ, तू हे वाचणार नाहीस, पण हॉटेलात कुणी तरी तुला वाचून दाखवील. तुझा निवद निवद होता, मान्य करते. तुझा देव खरा, तेही मान्य. पण मी तीन वेळा विचारलं. तीन वेळा डोस वाढला. तुझ्या डोळ्यासमोर टोपली जीपमध्ये चढत होती आणि तू दोरी बांधत होतास. ‘अक्का, खायला नाही देत, पण सकाळचं पहिलं दूध त्याला जातं,’ एवढं एक वाक्य तेव्हा तुझ्या तोंडातून का निघालं नाही? जर ते खाणं नव्हतंच, तर सांगायला काय अडचण होती? तो त्या दिवशी माझ्या हातात मेला असता. गिऱ्हाईकाला पुण्य सांगू नकोस. इकडं ये, माझ्यासमोर उभा राहा, आणि याचा जबाब दे.